सत्यशीलाचा जबाब

सत्यशीला : मंग काल दिवसभर होती कुठी तू? सेतू केंद्र तं दुपारीच बंद झालं म्हनते.

संघप्रिया : घुग्घुसले गेली होती.

सत्यशीला : कुठी?

संघप्रिया : घुग्घुसले, आई. बाबाकडे.

सत्यशीला : तो कप ठेव आधी खाली, चहा सांडून राह्यला. कोनाले विचारून गेली?

संघप्रिया : तुले विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं काय?

सत्यशीला : नसतं दिलं.

संघप्रिया : म्हणूनच. शेतकी कॉलेजच्या यादीत नाव लागलं, पण शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. सेतूवाला म्हणे, आधी बापाचा पगार दाखव. सोमवार शेवटची तारीख आहे. मंग काय करू? घरी बसून राहू?

सत्यशीला : भेटला?

संघप्रिया : भेटले. सिमेंट कारखान्याच्या गेटपाशी उभी होती मी. पाळी सुटली तं सगळेच धुळीनं पांढरे, मले ओळखूच आले नाई. त्यायनंच ओळखलं. म्हणे, दुरून वाटलं तुही आईच येऊन राह्यली.

सत्यशीला : ते जाऊ दे. पगाराचं काय म्हने?

संघप्रिया : लगेच आणून दिला कागद. काही कुरकुर नाही. कॅन्टीनमध्ये बसवलं, भजे खाऊ घातले. पण उपयोग नाही त्या कागदाचा. पर्मनंट झाले ते. एवढ्या पगारावर सरकार ना फी माफ करत, ना होस्टेलचं देत.

सत्यशीला : मंग त्यालेच सांग न फी भराले.

संघप्रिया : भरतो म्हणाले. जमन तेवढी.

सत्यशीला : न तू?

संघप्रिया : मी नाही म्हटलं. जमन तेवढ्यावर चार वर्षांचं शिक्षण होत नाही, आई. मधातच नाही जमलं तं? अर्ध्यातून वापस येऊ?

सत्यशीला : हे बराबर केलं.

संघप्रिया : सेतूवाला म्हणे, दुसरा रस्ता आहे. आईच्या नावानं दाखला निघते. तू रोजीनं जातं, तेवढंच आपलं उत्पन्न. पण तलाठ्यासमोर पंचनामा लागते. तू सांगायचं, नवरा इथं राहत नाही, घरात काही देत नाही. शेजारचे दोन पंच पाहिजे सहीले. न तुह्या नावापुढं परित्यक्ता लिहायचं.

सत्यशीला : काय लिहाचं?

संघप्रिया : परित्यक्ता.

सत्यशीला : म्हंजे काय व ते?

संघप्रिया : म्हणजे... नवऱ्यानं टाकलेली.

सत्यशीला : नाई.

संघप्रिया : आई, नुसता शब्द आहे तो.

सत्यशीला : नाई म्हंजे नाई. सरक, मले बांधीवर जाचं आहे. लावनीचे पऱ्हे उपटून ठेवले आहे, बाया थांबल्या असन. धानाचा रोवना कोनासाठी थांबते?

संघप्रिया : न माही तारीख थांबते काय? सगळ्या गावाले सांगत आली तू, आमचे इकडचे घुग्घुसले कामावर आहे, घरी पाठवतात. दिवाळीले साडी सिंदेवाहीतून स्वतः आणतं न म्हणतं, त्यायनं धाडली. मीही शाळेत तेच सांगितलं. मैत्रिणी विचारत, तुहे बाबा कधीच कसे दिसत नाही? मी म्हणो, रात्रपाळी राहते. इतकी वर्षं रात्रपाळी कोणाची राहते, आई?

सत्यशीला : तुह्यासाठीच केलं ते. बापानं सोडलेली पोरगी म्हनून कोनी बोलू नये.

संघप्रिया : आता बोलू दे न. तुले लोकाईची लाज माह्या शिक्षणापेक्षा मोठी आहे काय?

सत्यशीला : लाज नाई व. खोटं आहे ते.

संघप्रिया : काय खोटं?

सत्यशीला : टाकलेली.

संघप्रिया : बाबाही असंच काहीतरी म्हणाले. मी तोंडावर विचारलं त्यायले, आम्हाले काऊन टाकून गेले? तं मान खाली घातली. म्हणे, मी टाकलं का तिनं काढलं, ते आईले विचार. इतका राग आला मले! वाटलं, आपल्या अंगावरचं झटकून राह्यले. भजे तसेच सोडून उठली मी.

सत्यशीला : खरं बोलला तो.

संघप्रिया : काय?

सत्यशीला : बस इथी. सांगतो. तिकडं दुसरी बाई केली होती त्यानं. मले उशिराच समजलं. मंग एका इतवारी आला न म्हने, तिले इथीच आनतो, घर मोठं आहे, दोघी बहिनीवानी राहा. मी भांडली नाई. त्याची थैली भरली. कपडे, दाढीचं सामान, मच्छरदानी. ओट्यावर नेऊन ठेवली न म्हटलं, आता या दारात पाय ठेवाचा नाई. लय वेळ उभा होता तो. त्याले वाटलं, बोलावन हे वापस. मी कडी लावून घेतली. पुढच्या महिन्यात मनिऑर्डर आली, ते पोस्टमनच्या हातीच परत धाडली. आता सांग, कोनं कोनाले टाकलं?

संघप्रिया : न मी कुठं होती तवा?

सत्यशीला : तू झोपली होती. अंगात ताप होता तुह्या.

संघप्रिया : मले वाटे, आपण दोघी नकोशा झालो त्यायले. आरशात पाहून विचार करो, माह्यात असं काय कमी होतं?

सत्यशीला : तू नकोशी नव्हती व, माय. कधीच नव्हती. दार मी लावलं. पन त्या दारासंगं तुहा बाप तुह्यापासून तोडला, हे कोन्या तोंडानं सांगू तुले? म्हनून नाई सांगितलं.

संघप्रिया : सांगायचं होतं, आई.

सत्यशीला : सांगाचं होतं.

सुगंधाबाई : सत्यशीला! अवो, येतं का नाई? बाया बांधीत उतरल्या न तू अजून... हे काय? मायलेकी दोघी रडून राह्यल्या. कोनी मेलं काय?

सत्यशीला : कोनी नाई मेलं. चुलीचा धूर झाला.

सुगंधाबाई : चूल तं थंडी आहे.

संघप्रिया : सुगंधाकाकू, आम्हाले पंच पाहिजे, सहीले.

सत्यशीला : प्रिया!

संघप्रिया : आता नको लपवू, आई. काकू, माह्या कॉलेजसाठी तलाठ्यासमोर सांगा लागते की बाबा इथं राहत नाही. आम्हाले काही देत नाही.

सुगंधाबाई : मंग? सांगून टाकू. मले वाटलं, काय होऊन गेलं.

सत्यशीला : तुले... तुले माहीत होतं?

सुगंधाबाई : ऐक. तू म्हनायची, तुहा देवराव रात्री आला न पहाटेच्या गाडीनं गेला. आमचा कुत्रा तं घरच्या जावयालेई भुंकते. एकाई रात्री भुंकला नाई त्यो. मानूस कसा आला असन, वो?

सत्यशीला : न तू इतके वर्सं बोलली नाई?

सुगंधाबाई : काय बोलू? तुले झाकाचं होतं, तं झाकू दिलं. उलटं बाया विचारत, देवराव दिसला नाई यंदा? तं मीच सांगो, काल पाह्यला न, हातपंपाजवळ! चांगला जाडा झाला म्हनो. तुह्यापायी किती खोटं बोलली मी, त्याचा हिसाब नाई.

सत्यशीला : मी समजो, तू माह्या घरावर नजर ठेवतं. बोलत नव्हती मी तुह्याशी धड.

सुगंधाबाई : ठेवतच होती नजर. दोघी बाया एकट्या घरात. कोनी तं पाहाले पाहिजे.

सत्यशीला : पन तो शब्द मी लिहू देनार नाई, सुगंधा. टाकलेली. मी घालवलं त्याले, त्यानं नाई टाकलं मले.

सुगंधाबाई : असं आहे? वा वो बाई! मले वाटे, तोच पळाला. मंग तसंच सांग तलाठ्याले. दुसरा शब्द लिही म्हना. सरकारपाशी शब्दाईचं काय कमी आहे? चाल, आज ग्रामपंचायतीत बसला आहे तो. रोवना होत राहीन.

सत्यशीला : या अशा लुगड्यावर?

सुगंधाबाई : मंग काय लग्नाले चाललो?

(पावसाळा सरत आलेला. सकाळी, गावाबाहेरच्या बसथांब्यावर तिघी.)

सुगंधाबाई : तलाठ्याचं तोंड मी नाई विसरत, बापा. म्हने, बाई, परित्यक्ता लिहिलं काय न विभक्त लिहिलं काय, दाखला सारखाच. न हे तुही माय म्हनते, सारखा आहे तं मंग विभक्त लिहा. न खाली लिहा, स्वतःच्या मर्जीनं. पंचायतीतले मानसं पाहतच राह्यले.

संघप्रिया : न दुसरे पंच पोचूकाका काय म्हणाले, ते सांगा न.

सुगंधाबाई : त्यो मेला! भर पंचायतीत म्हने, सुगंधाबाई, तूच तं देवरावले हातपंपाजवळ पाह्यलं होतं! म्हटलं, पाह्यलं होतं, पन मले चष्मा लागला तवा समजलं का तो दुसराच होता.

सत्यशीला : हासू नोका एवढ्या. लोकं पाहून राह्यले.

संघप्रिया : पाहू दे न, आई.

सत्यशीला : फी माफ झाली, ते पक्कं न? पुन्हा मांगनार नाई न कोनी?

संघप्रिया : पक्कं. होस्टेलचंही झालं. किती खेपा विचारतं?

सत्यशीला : तुले सांगाचा कंटाळा आला असन. मले ऐकाचा नाई आला. पहिल्या दिवशी मास्तरनं विचारलं, घरी कोन आहे, तं काय सांगशील?

संघप्रिया : सांगीन, आई आहे. बाबा घुग्घुसले राहतात, दुसरं घर आहे त्यायचं. जे आहे ते.

सत्यशीला : हो. तसंच सांग.

सुगंधाबाई : फोन वाजून राह्यला व पोरी, तुहाच.

संघप्रिया : बाबाचा आहे.

सत्यशीला : मंग उचल न. माह्याकडं काय पाहतं?

संघप्रिया : हॅलो... हो बाबा, आता येईनच गाडी... हो, एकटीच... थांबा, विचारून सांगते. आई, नागपूरच्या स्टँडवर येतो म्हणतात, होस्टेलपर्यंत सोडाले. काय सांगू?

सत्यशीला : मले काऊन विचारतं? बाप तुहा आहे.

संघप्रिया : तुले वाईट वाटन.

सत्यशीला : वाटन थोडं. ये म्हन त्याले. पेटी जड आहे.