फुलं सुकेपर्यंत

अवचित पावसानं यंदा अटाकामाचं वाळवंट फुललं आणि उद्यानाच्या फाटकाशी ही रांग लागली. माझ्यापुढे छत्री घेतलेली एक म्हातारी आणि तिचा जावई.

"लग्नात काय म्हणाला होतात, रामिरो?"

"आठवत नाही, सासूबाई."

"'वाळवंट फुललं की या राहायला.' तुमच्याकडची सगळी माणसं हसली होती."

"अहो, ती इकडची बोलायची रीत आहे. म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... अगदी अगत्याचं बोलावणं."

"म्हणून तर वाल्दिवियाहून अर्धा देश ओलांडून आले. ट्रंक तुमच्या खाटेखाली सरकवलीय."

"ट्रंक? मुक्काम किती दिवस म्हणायचा?"

"फार नाही. फुलं सुकली की निघाले."

"वा! मग पंधरवडाच. इथलं ऊन भारी कडक."

"आणि पुन्हा पाऊस झाला तर?"

"इथे? एका वर्षात दोनदा? ती छत्री तरी कशाला आणलीत?"

"आमच्याकडची सवय. ते वर काळं काय आलंय हो?"

"धुकं. समुद्रावरून रोज येतं."

"असेल, असेल. या, छत्रीत या, जावईबापू. धुक्यानं भिजताय."