बिनसीटची जेट स्की

जेट स्कीचं नाव काढू नका आमच्या संदीपपुढं. धरणाच्या पाण्यावर फिरवायला त्याला एक जुनी घ्यायची होती, त्यापायी बाईकसुद्धा विकून बसला. राहिला होता फक्त चुलत्यांचा होकार, म्हणून आप्पांना घेऊन आम्ही भोरला गेलो.

आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "शीट काढून इकलं व्हय?"

मालक म्हणाला, "काका, ही उभ्यानंच चालवतात."

"आन् पडल्यावर?"

"पोहत यायचं, परत चढायचं."

"उभ्यानं हिंदकळत जायला आपली एसटी हाय की. तिच्यात निदान खिडकीतनं रुमाल टाकून जागा तरी धरता येती."

व्यवहार तिथंच मोडला.

येताना वेल्ह्याच्या एसटीत आप्पांच्या रुमालानं आम्हा दोघांना जागा मिळाली. संदीप विंझरपर्यंत उभा. आप्पा बसल्या जागेवरनं म्हणाले, "दांडी धर नीट. हौस तुलाच हुती."