सहा नावं

रहीम : म्हणून तुले एकटीले बाजूले बोलावलं, कमळाबाई. पोरगी सकाळपासून माह्या राईस मिलच्या फाटकापाशी उभी आहे. म्हणते, अडीचशे रोजी द्या, उद्यापासून पोते शिवायले येते.

कमळा : कोनाची पोरगी?

रहीम : सुकरीची. दिव्यानी.

कमळा : सुकरीले जाऊन अजून महिना नाई झाला, रहीमभाऊ.

रहीम : बावीस दिवस. मी मातीले आलो होतो ना. मिरची तोडून वापस येताना अकरा बायका कोंबल्या होत्या त्या पिकअपमंधी, वरतून मिरचीचे बोरे. तिकडं तेलंगणातच पुलावर उलटली गाडी. बाकीच्या हातपाय मोडून घरी तं आल्या, अन् हिलेच नेमकं...

कमळा : मले नोका सांगू. मले मालूम हाय. तुमी पोरीले काय म्हनलं?

रहीम : म्हटलं, कमळाबाई हो म्हणली तं ठेवतो. पाणी पाजलं, निंबाखाली बसवलं. कायद्याची रोजी सव्वाचारशे. तुमी सहा जणी आहाच, सातव्या बाईले सव्वाचारशे देणं माह्याच्यानं होत नाई. अन् अडीचशेत ठेवली तं तू परत चांद्याले लेबर ऑफिसात अर्ज घेऊन जाशील.

कमळा : जाईन.

रहीम : सुकरीची पोरगी असून बी?

कमळा : असून बी. आज हे अडीचशेत आली, तं उद्या तुमी काढलेल्या पाच जनी दोनशे तीसनं येतीन. पोट त्याईले बी हाय. अन् होळीपर्यंत तुमी आमाले म्हनसान, बाई, भाव उतरला.

रहीम : मी असा माणूस आहो काय?

कमळा : तुमी चांगले हा. माह्या मानसाले, मुखरूले, दवाखान्यात न्यायले गाडी तुमीच देल्ली. पन त्याच्या आधी चवदा वर्सं दोनशेच्या आत राबवलं, ते बी तुमीच.

रहीम : त्या दोनशेत बारा जणींची चूल पेटत होती, हे मात्र कोणी बोलत नाई. लेबरचा साहेब आला, रजिस्टर पाह्यलं, कायदा शिकवून गेला. लेकिन मोठ्या मिलीत आता मशीनच खडा काढते, मशीनच पोतं भरते. त्याईच्या भावानं मले तांदूळ विकायचा आहे. माह्या बिजलीचं बिल साहेब भरते काय? बारा जणींले सव्वाचारशे देल्ले असते तं दोन वर्षांआधी त्याच दिवाळीले मिलले कुलूप लागलं असतं. कसम से. म्हणून सहा ठेवल्या. हौस नव्हती मले.

कमळा : चूल पेटत होती म्हनता. तिच्यावर काय शिजत होतं, ते पाहाले आल्ते काय कधी? कनीची पेज. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देते, पन डॉक्टर म्हने, मुखरूले अंडं चारा, दूध चारा. दोनशेत कुठून चारू? सव्वाचारशे झाले तवा तो मानूस खाटेवरून उठला. आता शेळ्या घेऊन रानाच्या कडेले जाते. पहाटी मोह येचाले मी एकटी जात होतो, वाघाच्या भेवानं थाळी वाजवत. मांगच्या साली नाई गेलो. पयल्यांदा.

रहीम : तुह्या घरचं खरं आहे. अन् सुकरीच्या घरी? मी भांडून नाई राह्यलो. मलेच समजत नाई, म्हणून विचारतो.

कमळा : तिले आत बोलावा.

(दिव्यानी आत येते. पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहते. बस म्हटलं तरी बसत नाही.)

कमळा : जेवली काय वं?

दिव्यानी : जेवून आली. मावशी, शेठ म्हणतात, तू हो म्हणशील तं मले ठेवतील. म्हण ना हो.

कमळा : अन् कालेज?

दिव्यानी : सोडलं. बाबा दिवसभर भिंतीकडे पाहत बसून राहतात. उन्हाळी धानाच्या बांधीत यंदा कोणी पाय नाई टाकला. मिरचीची गाडी परत जाऊन राह्यली, पण त्या रस्त्यानं मले पाठवायले बाबा तयार नाई. इथी नाई तं कुठी जाऊ?

कमळा : अडीचशेत नोको येऊ, बाई.

दिव्यानी : मग दोनशेत येते. मले कोणी धरून आणलं काय? हात माह्ये, मर्जी माह्यी. तुले सव्वाचारशे भेटतात ना, तू घे. मी तुह्या ताटातलं मागून राह्यली काय?

कमळा : ताट एकच हाय वं. तू वरतून खाल्लं का मी खालतून, सरते तेच.

रहीम : पोरगी काही खोटं नाई बोलत, कमळाबाई. देणारा राजी, घेणारी राजी. मधात कोण?

कमळा : मधात मी.

दिव्यानी : तू तं आधीपासूनच मधात आहे, मावशी. अर्जावर आईचा अंगठा तूच घेतला होता. आई किती खुश होती. मग शेठनं तिले काढलं, तवा तू कुठी होती?

कमळा : शेठनं नाई काढलं.

रहीम : जाऊ दे, कमळाबाई. काऊन उकरतं आता?

कमळा : सांगू द्या मले. दिव्यानी, आयक. साहेब येऊन गेल्यावर शेठनं मले इथीच उभं केलं. म्हनले, मी सहा जनी ठेवतो, कोनत्या सहा ते तूच सांग. मले म्हनता आलं असतं, माह्याच्यानं नाई होत, तुमचं तुमी पाहा. पन मी सांगितलं. पयलं नाव माह्यं. मंग नंदिनी, तिचा मानूस मेला म्हनून. अशे पाच झाले. सहाव्यावर अटकलो. उर्वशी का सुकरी? मनात आलं, सुकरीच्या घरी दोन एकर बांधी हाय, धडधाकट नवरा हाय. उर्वशीले काहीच नाई. मी उर्वशी म्हनलं. तुह्या मायचं नाव माह्या जिभेवर होतं, अन् मी ते गिळलं.

दिव्यानी : आईले मालूम होतं.

रहीम : कोणी सांगलं? मी तं घरी बी बोललो नाई.

दिव्यानी : कोणीच नाई सांगलं. मावशी रोज संध्याकाळी सुपारी खायले आमच्या ओट्यावर यायची. त्या दिवसापासून आलीच नाई. आई म्हणे, कमळानं माह्यं नाव घेतलं असतं तं सांगायले आली असती.

कमळा : अन् तरी मले कधी शिवी नाई देल्ली? हापशीवर रोज भेटत होती. बोलत बी होती, पानी लवकर येऊन राह्यलं आज, असं काही.

दिव्यानी : म्हणे, तिच्या जागी मी असती तं मी बी पयलं माह्यंच नाव घेतलं असतं. पयल्या वर्षी मिरचीवरून आली, तवा तुह्यासाठी वेगळी किलोभर बांधून ठेवली होती. म्हणे, आता येईन ती. पावसाळाभर खुंटीवर होती ती पुडकी. मग आमीच खाल्ली.

कमळा : सुकरे... काऊन वं सुकरे...

रहीम : कमळाबाई, खाली बस. बस आधी. दिव्यानी, तो माठ पाह्य, पाणी दे तिले.

कमळा : पानी नोको. रहीमभाऊ, आमी सहा जनी आठवड्याचे किती दिवस येतो?

रहीम : सहा. शुक्रवारी मिल बंद. काऊन?

कमळा : छत्तीस रोज्या झाल्या. एकेकीनं आपला एक दिवस सोडला, तं सहा रोज्या इले भेटतीन. सव्वाचारशेनं. तुमचा रुपया बी वाढत नाई.

रहीम : माह्यं काय जाते? मले रोज सहा माणसं पाहिजे. ते कोणते, त्याच्याशी मले मतलब नाई. लेकिन बाकीच्या मानतीन काय? नंदिनीच्या पोरीचं लगन आहे वैशाखात. तिले तं सातवा दिवस बी पाहिजे.

कमळा : पयले नाईच म्हनन. मी तिच्या घरी जाऊन बसीन. शिव्या देईन तं खाईन.

दिव्यानी : मावशी.

कमळा : काय वं?

दिव्यानी : हे तवा काऊन नाई सुचलं? तुमी बारा जणी होत्या. सहा आज, सहा उद्या. एकेकीले तीन-तीन दिवस आले असते. सव्वाचारशेनं तीन दिवस म्हणजे दोनशेनं सहा दिवसाच्या वरच होते. पैसा तेवढाच, अन् तीन दिवस घरी. आईले मिरचीले जायचं कामच नव्हतं.

रहीम : या अल्लाह. मले बी नाई सुचलं. इतकी वर्षं मिल चालवून राह्यलो मी.

कमळा : तुमी विचारलं, कोनत्या सहा. मी सहाच मोजल्या. अन् पयली मीच सापडलो, मंग पुढं मोजाचं ध्यान कुठी राहते? ते दोन वर्सं झाले, बाई. रोज पोतं शिवतानी मी सोताले एकच सांगतो, का दुसरा रस्ता नव्हता. आज तू उभ्या उभ्या सांगितला.

दिव्यानी : मी तुले बोल लावायले नाई आली, मावशी. मले काम पाहिजे.

कमळा : मालूम हाय.

दिव्यानी : मग कवा येऊ?

कमळा : सोमवारी ये.

दिव्यानी : अन् नंदिनीमावशी नाई म्हणली तं? सगळ्याच नाई म्हणल्या तं?

कमळा : सोमवार माह्या हाय. तो द्यायले मले कोनाले विचारा नाई लागत.