दीक्षेच्या दिवशी नूडल कोण शिजवणार?

बँकॉकच्या आमच्या कालव्याकाठी चलुआयचं नूडलचं दुकान आहे. शेजारच्या नूडलच्या तीन दुकानांत ती मरेपर्यंत जेवणार नाही, असं सगळी आळी म्हणायची. परवा ती नवऱ्याला घेऊन तिन्ही दुकानं फिरली आणि तिसऱ्यात, प्रपायच्या दुकानात, माझ्या पाठीमागेच बसली. कान झाकून घेणारे सभ्य लोक वेगळे, मी ऐकलं.

“शनिवारी पोरगा भिक्खू होणार. त्याची वस्त्रं घेऊन मी मिरवणुकीत चालू, की पाहुण्यांची नूडल शिजवू?”

“म्हणून तर चव बघतोय ना! पहिल्या दुकानवालीला सांग. सूप चांगलं दाट होतं.”

“साखर घातली तेव्हा कुठे घशाखाली उतरलं.”

“मग दुसरी?”

“तिथे मिरचीचं व्हिनेगर ओतलं. डोळे कुठे होते तुमचे?”

“आणि इथे? इथे तर टेबलावरच्या साखर-मिरचीच्या एकाही बरणीला तू हात लावला नाहीस.”

“हळू बोला! प्रपाय ऐकेल.”

“गिऱ्हाईक पळवलं म्हणून इतकी वर्षं तिच्याशी अबोला, आणि वाडगा बघ, चाटूनपुसून साफ!”

“यांचे वाडगेच एवढेएवढेसे असतात.”

“ऐकलं हं!” प्रपाय चुलीमागून ओरडली. “आणखी एक देऊ?”

“दे. आणि... शनिवारी दुकान बंद ठेवशील?”

“कालच पाटी लावलीय. कडेवर खेळवलंय मी त्याला. तू बोलावलं नसतंस, तर मठाच्या फाटकाबाहेर चूल मांडणार होते.”

“बाहेर कशाला, भवाने! आत मांड.”