त्रेचाळिसावं घर

— नाही ओ, कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, महिपतकाका. तुम्ही आधी बसा — त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते — इकडे बसा. स्टँडवरनं चालत आलात या उन्हात? म्हणजे राग भारीच दिसतोय. असणारच. गावचे पहिले मानकरी तुम्ही, शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरनं उठली की पहिली तुमच्या अंगणात, पिढ्यान् पिढ्या — आणि काल ती तुमच्या दारावरनं थेट कमलाकाकीच्या अंगणात जाऊन नाचली. तुम्ही आपले नारळ घेऊन उभे. वाईट झालं. फारच वाईट झालं.

माझ्या वेबसाइटनं, या संस्कृतीच्या वेबसाइटनं घोळ केला, असंच सांगताय ना गावभर? सांगा, सांगा, माझ्या धंद्याची तेवढीच जाहिरात. पण घोळ काय तो ऐकून तरी घ्या. तुम्ही मला कागद किती दिलेत? दोन. एक ग्रामपंचायतीची घरांची यादी — त्रेचाळीस घरं. दुसरा तुमच्या वहीतला मानाचा क्रम — बेचाळीस नावं. म्हणालात, पोरी, ही घरं या क्रमाने लाव, मुंबईची पोरं वही बघत नाहीत, मोबाइल बघतात, त्यावर बघून पालखी नेतील. लावली. आमच्यात त्याला एका ॲरेवरून दुसरा ॲरे लावणं म्हणतात — ॲरे म्हणजे यादीच ओ, दुसरं काय. एकेक घर उचलायचं आणि मानाच्या यादीला विचारायचं, याचा नंबर कितवा? यादी सांगते. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, म्हणून तुम्ही शून्य — रागावू नका, शून्य म्हणजे पहिले. आणि जे घर यादीत सापडतच नाही, त्याचं काय? त्याला उणे एक. आता उणे एक शून्याच्या आधी की नंतर? तुम्ही तर आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंत. आधी — बरोबर. झालं, कमलाकाकी गेली तुमच्या वर.

एक घर जास्तीचं आहे हे गणिताच्या मास्तरांना कसं दिसलं नाही? कसं दिसणार, सात वर्षं ते घर गावाला दिसतच नाही ना. होळीसाठी तिच्या परड्यातला आंबा तोडायला गेलात, ती म्हणाली, नाही देणार, ह्यांनी लावलेला आहे — गंगारामकाका जाऊन महिना नव्हता झाला — तर तुम्ही आंबा सोडलात आणि मानाच्या वहीतनं घर तोडलंत. हो, हो, होळीच्या झाडाला नाही म्हणायची रीत नाही. रीत आपल्याकडे भरपूर, माणसांचीच जरा टंचाई. दर शिमग्याला तिने अंगण सारवलं, ओटीचं ताट घेऊन उभी राहिली, आणि ढोल अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडनं पुढे गेला. यंदा तर तिने ताट केलंच नव्हतं. पालखी दारात बघून धावत आत गेली, तर घरात नारळ नाही — शेजारच्या रघूकडनं आणला म्हणे. माघारी का नाही फिरवली, हे मला कशाला विचारता? देवी अंगणात शिरली की ओटी घेतल्याशिवाय फिरत नाही, हीसुद्धा तुमचीच रीत.

काय? मला आधी कळलं नाही का? कळलं ना — म्हणजे — सोमवारी तपासतानाच दिसलं. एक ओळ बदलायची होती, जे सापडत नाही ते तळाला टाक, बस. बदलणारच होते, मग फोन आला — नाही, खोटं कशाला बोलू, फोनबिन काही नव्हता. बसून राहिले. तिच्या नावाकडे बघत राहिले, सगळ्यात वर होतं. काका, त्या वर्षी शाळेच्या ओट्यावर तुम्ही विचारलंत, सरळसोट आंबा कुणाच्या परड्यात आहे गं? बोट कुणी दाखवलं? मी. सतरा वर्षांची होते. हुशार पोरगी म्हणालात मला. नंतर तिच्या दारावरनं कॉलेजला जायचे तर मान वर करायची लाज वाटायची, आणि ती आपली दर खेपेला विचारायची, जेवलीस का गं. तिला ठाऊक नाही. अजून नाही सांगितलेलं मी. तुम्हालाच का सांगतेय कोण जाणे.

असो. तर तुमचं म्हणणं, ते घर साइटवरनं काढ आणि खाली लिही की कॉम्प्युटरची चूक झाली. काढणार नाही. घर उभं आहे, काकी त्यात राहते. दुरुस्ती हवी तर करते — हा तुमचा मानाचा कागद, हे पेन. बेचाळिसाव्या नावाखाली त्रेचाळिसावं तुमच्या हाताने लिहा. तिचा नंबर शेवटचा, तुम्ही पुन्हा पहिले. दोन मिनिटांचं काम.

लिहा ना.

नाही म्हणता? बरं. मग पुढच्या शिमग्यालाही पालखी आधी तिच्याकडे, मागाहून तुमच्याकडे. निघा आता, संगमेश्वरची गाडी चुकेल. आणि पेन राहू दे इथेच.