आबासाहेबांच्या चॅनेलचा आवाज

आमचं गाव कवठे महांकाळच्या पल्याड, जतच्या अंगाला, नाव नगा लिवू ताई, गाव आदीच माझ्यावर चिडून हाय. माझं लिवलं तरी चालतंय, नामदेव, ते काय लपायचं हाय व्हय, तोंडापरास आवाज जास्ती ठावा हाय लोकास्नी. सांगलीला यष्टीत मागं बसून नुस्तं तिकीट मागितलं तरी पुढची माणसं वळून बगायची, आवं तुमी कुस्तीवालं का, टीव्हीवर बोलता त्ये. आता बी वळून बगत्यात, पर आता बगून गप बसत्यात.

माझा बाप हलगी वाजवायचा. आमची सात-आठ घरं गावाच्या कडंला, ओढ्याच्या अलीकडं, आन समद्या घरातनं हलगी. आता कुस्तीच्या मैदानाला हलगी लागतीच, हलगीबिगर पैलवानाच्या अंगात वारं शिरत न्हाई, दोघं नुस्ती खडाखडी करत असली की हलगी सावकाश, एकानं पट काढला की ती चढणार, आन पाठ मातीला लागली की मंग काय सांगू तुमास्नी, कानठळ्या. बापाची नजर मातीवर आन हात हलगीवर, पर ऊन असायचं, घाम डोळ्यात जायाचा, मंग त्यो मला म्हणायचा, तू बगून बोल रं, मी वाजवतो. मंग मी बोलत राहायचो, आता ह्येनं मान धरली, आता त्येनं ढाक टाकली, निसटला, निसटला, आन माझ्या बोलण्यावर बापाचा हात चालायचा. माझं बोलणं तितनं सुरू झालं, कुठल्या शाळंत न्हाई.

मैदानाचा माइक मातुर गावाचा. वर स्टेजवर पावणं बसायचं, त्येंच्या शेजारी गुरुजी माइक धरून, आन हलगी खाली मातीच्या कडंला. एकदा ऐन मोठ्या कुस्तीला गुरुजींचा घसा बसला, नुस्ती हवा निघाया लागली, तवा मी चांगला मिसरूड फुटलेला गडी व्हतो, कोणतरी म्हणालं हलगीवाल्याचा नामा झकास बोलतोय, द्या की त्याला. जत्रा कमिटीचं तात्या म्हणालं, त्याची जागा खाली हाय, त्याला म्हणावं खालनंच बोल. समदी हसली. माझा बाप बी हसला. लोकं हसली त्येचं काय न्हाई ताई, बाप हसला ते माझ्या काळजाला लागलं, अजून हाय हितं.

मंग मी गाव सोडलं, सांगलीला हळदीच्या बाजारात पोती उचलायला लागलो. लगीन झालं, ही आली, हितंच पत्र्याच्या खोलीत संसार मांडला. बाजाराच्या तोंडाला एक हॉटेल व्हतं, तितं टीव्हीवर कुस्ती लागली की आमी हमाल उभ्यानं च्या पीत बगायचो, आन टीव्हीवर बोलणारा कुणीतरी हिंदीतला, त्याला कुस्तीची गरमी न्हाई, बातम्या वाचल्यागत वाचत व्हता, तर मीच सुरू झालो. समदं हॉटेल माझं ऐकाया लागलं. मागं एक उंच माणूस पांढऱ्या कपड्यातला उभा, त्योच आबासाहेब. घरचा ऊस, पर ह्येंना नाद वेगळा, त्येंनी तवा केबल टाकून चॅनेल काढलं व्हतं. मला म्हणालं, उद्या हापिसात ये. गेलो तर मला खुर्ची दिली बसायला. मी उभाच. परत म्हणालं, बस की नामदेव. नामा न्हाई, नामदेव. आन माइक हातात दिऊन म्हणालं, गावाचा माइक गावापाशी राहू दे, ह्यो माझा हाय आन आजपसनं तुझा.

आता तुमी शिकल्याली माणसं, तुमास्नी वाटंल एवढ्यानं काय माणूस जल्माचा बांधला जातोय का. मला बांधलं. मी बांधून घेतलं म्हणा.

आन दिवस बी तसंच आलं ताई, चॅनेल मोठं झालं, डिशच्या छत्रीवर दिसाया लागलं, मोबाईलवर दिसाया लागलं, आन साताऱ्यापसनं जतपातूर जितं मैदान तितं आमचं मचाण आन मचाणावर मी. आमच्या भागात घरटी एक गडी मिलिटरीत, ती पोरं बर्फातनं फोन करायची, मामा, आमच्या बारक्याची कुस्ती तुमच्या तोंडनं ऐकली, जेवान ग्वाड लागलं. फेटं एवढं बांधलं की हिनं त्यातल्या कापडाच्या गोधड्या शिवल्या. आमच्या गावच्या जत्रंला बी जायचो मी, पर चॅनेलच्या मचाणावरनं. समोर स्टेजवर गावाचा माइक गुरुजींच्या पोराच्या हातात, तात्या त्येच्या शेजारी, आन अर्धं मैदान कानाला मोबाईल लावून माझं ऐकतंय. तात्या माझ्याकडं बगायचं न्हाईत. मला लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंग दोन-तीन वर्साखाली चॅनेलचं धोरण बदललं. कमिट्यांसंगं करार असा, की मैदानाचं चित्र आमच्याच चॅनेलवर, दुसऱ्या कुणी मोबाईल वर करायचा न्हाई, पोरंठोरं लाइव्ह करत्यात ते बंद. आन बारक्या पोरांच्या कुस्त्या दाखवायच्या न्हाईत, त्या येळंला जाहिराती. मी आबासाहेबांकडं गेलो, म्हणालो, साहेब, लष्करातली माणसं बारक्यांसाठीच बगत्यात, बापाला पोराची पहिली कुस्ती दिसली पायजे. ऐकून घेतलं त्येंनी. म्हणालं, नामदेव, चॅनेल जगलं तर कुस्ती जगंल, लोकास्नी तूच समजावून सांग, तुझं ऐकत्यात. झालं. मग मीच मचाणावरनं, मंडळी मोबाईल खाली घ्या, मंडळी सहकार्य करा. हॉटेलात कुणी इचारलं तरी मी चॅनेलच्याच बाजूनं, कॅमेऱ्यावाल्यांची पोटं हायेत, गाड्या हायेत, फुकट कसं चालंल. आन मला ते पटत बी व्हतं ताई, निम्मं पटत व्हतं आन निम्मं आबासाहेबांसाठी पटवून घेत व्हतो.

लोकं खवाळली. साताऱ्याकडच्या एका मैदानात मचाणावर मातीची ढेकळं आली. मोबाईलवर माझा फोटू टाकून खाली लिवायची, चॅनेलचा चाकर, गावाची कुस्ती इकली. ते बी सोसलं. मंग बापाची हलगी काढली, आमची आळी काढली, ही माणसं वर बसवली की असंच व्हतंय म्हणाली. आता बगा हां, करार केला आबासाहेबांनी, सही कमिटीच्या तात्यांची, जाहिराती सराफाच्या आन ट्रॅक्टरच्या, आन जात निघाली माझी एकट्याची. आबासाहेबांना एक शब्द न्हाई कुणाचा. मला ढेकळं मारली त्येच मैदानात त्येच लोकं त्येंना फेटा बांधत व्हती. तवा ही म्हणाली, आवं सोडा आता, पोरी मोबाईल बघून रडत्यात. मी म्हणालो, चांगल्या दिवसात खुर्चीवर बसलो आन वाईट दिवसात उठू व्हय. लोकं जेवढी बोलत गेली तेवढा मी आबासाहेबांकडं सरकत गेलो. दुसरीकडं सरकायला जागाच कुठं व्हती.

आन औंदाच्या जत्रंच्या तोंडाला तात्या आमच्या दारात आलं.

आमच्या आळीत, ताई. मी आजारी बापाला बगायला गावाला गेलो व्हतो, आन बगतोय तर तात्या आन कमिटीची माणसं ओढा ओलांडून येत्यात. आमच्या कट्ट्यावर बसली, आमच्या कपातनं च्या घेतला. तात्या आता थकल्यात, काठी टेकत्यात. म्हणालं, नामदेव, गावानं ठरवलंय, औंदा चॅनेलला मैदानात पाय ठेवू द्यायचा न्हाई, तू त्येंचं सोड, गावाचा माइक घे, स्टेजवर ये. आन कनवटीची पुडी सोडली, भंडाऱ्यात अंगठा बुडवला आन माझ्या कपाळाकडं हात आणला. आमच्याकडं देवाचा भंडारा कपाळाला लागला की शब्द दिला असं हाय, मागनं फिरता येत न्हाई, मरण आलं तरच सुटका. बाप आतनं उठून चौकट धरून दारात आला व्हता. त्येची ती नजर.

मी डोकं मागं घेतलं.

तात्यांचा अंगठा तसाच राहिला वाऱ्यावर, पिवळाधमक. मी म्हणालो, तात्या, जितं चॅनेल न्हाई तितं मी बी न्हाई. तात्यांनी त्यो भंडारा आपल्याच कपाळाला लावला, देवाचा हाय म्हणालं, खाली कसा सांडू, आन उठलं. बाप म्हणाला, माझ्या कपाळाला ह्यांच्यातल्या कुणी कवा हात लावला न्हाई रं, तुझ्या लावत व्हते. एवढं बोलून भिंतीकडं तोंड करून पडला, तवापसनं माझ्यासंगं धड बोलत न्हाई.

मी तितनंच आबासाहेबांना फोन लावला, समदं सांगितलं, छाती फुगवून सांगितलं बगा, येड्यावानी. म्हणालं, शाब्बास नामदेव. आन फोन ठेवला.

जत्रंच्या दिवशी मी गावातच, घरात बसून. ओढ्यापल्याड हलगी सुरू झाली. दुपारच्याला चुलतभावाची सून पळत आली, मामा, आपलं मैदान टीव्हीवर लागलंय. मी म्हणालो दुसरं असंल कुठलं. गेलो तर आमचंच, आमच्या चॅनेलवर, आन बोलतोय कोण तर कराडकडचा एक माजी पैलवान. चांगला गडी हाय, कुस्ती खेळलेला, आवाज बी भरदार, त्येच्यावर माझा काय राग न्हाई. बारक्या पोरांच्या कुस्त्या दाखवत व्हते. लोकं मोबाईल वर करून खुशाल चित्र काढत व्हती. आन स्टेजवर आबासाहेब आन तात्या एकाच रंगाचा फेटा बांधून शेजारी शेजारी.

मला वाटलं तात्यांनी डाव साधला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं, म्हणालो, माझा काटा काढलासा तात्या. तात्या काठीवर दोन्ही हात ठिवून थांबलं. म्हणालं, देवाच्या दारात उभा हाय, खोटं बोलत न्हाई. आबासाहेब बोलणी कराया आलं, तवा आमी अट मोबाईलची घातली आन बारक्या पोरांची घातली. तुझं नाव आमी घेतलं न्हाई नामदेव. आबासाहेबच म्हणालं, लोकांचा राग चॅनेलवर न्हाई, नामदेवच्या बोलण्यावर हाय, त्येला बाजूला करतो, मग काय अडचण न्हाई ना.

काय करायचं सांगा. यष्टी धरली आन सांगलीला हापिसात गेलो. बसायला खुर्ची दिली, च्या मागवला, खांद्यावर हात ठेवला, माणूस वाईट न्हाई ताई, कवा आवाज चढवून बोललं न्हाईत माझ्यासंगं. मी म्हणालो, साहेब, मी देवाचा भंडारा नाकारला तुमच्यासाठी. म्हणालं, ठावं हाय मला, तू घरचा माणूस. लोकांचा राग कुणावर तरी उतरावा लागतो, आता परक्यावर कसा उतरवू. तूच सांग. मी मान हलवली. च्या पिऊन आलो.

आता ती दुसऱ्या चॅनेलची पोरं रोज येत्यात दाराशी. बोला म्हणत्यात, आबासाहेबांनी कसं फसवलं ते कॅमेऱ्यासमोर बोला, लोकांची सहानुभूती मिळंल. कालपातूर माझ्या बापाची हलगी काढत व्हती तीच ही लोकं, त्येंची सहानुभूती घिऊन काय चाटू. मी दार लावून घेतो. हिला त्येचाच राग. म्हणती, तुमच्या तोंडाला कुलूप कुणी घातलंय.

आन येत्या रविवारी आबासाहेबांनी माझा सत्कार ठेवलाय, चॅनेलच्या मोठ्या मैदानात, शाल, नारळ, फेटा, समदं लाइव्ह. दोन मिंटं माइक देणार हायेत हातात. ही म्हणती, आवं, तेवढ्या दोन मिंटात बोलून घ्या एकदा, जल्मभर दुसऱ्याच्या कुस्त्या सांगितल्या, एकदा तुमची सांगा. पोरी बी तेच म्हणत्यात. बाप गावाकडनं येणार न्हाई म्हणाला.

पर मला ठावं हाय मी काय बोलणार. मी म्हणणार, आबासाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, नावानं हाक मारली, त्येंचं, त्येंच्या लेकराबाळांचं, चॅनेलचं चांगभलं होवो. लिवा तुमी असंच. हिला वाटतंय मी भिऊन खोटं बोलणार. खोटं असतं तर बरं झालं असतं ताई, थुकून टाकलं असतं. म्हणताना माझा गळा भरून येणार हाय, आन मैदानात लोकं एकमेकाला कोपर मारून म्हणतील, बग, चाकर रडतोय.