आजाऱ्याला नाव सांगायचं नाही

लाव पैज, नर्सबाई — गोष्टीचा शेवट ओळखलास तर ही लोकरी टोपी तुझी. का गं, घाबरलीस? सुई मागून टोच, हात कुठं पळून जातोय माझा — पळायचं ते एकदाच पळालो, सीमा ओलांडून, बायको नि कडेवरचं पोर घेऊन. तर इथं छावणीत तेव्हा एक डॉक्टर होता, भला माणूस, ज्याला त्याला विचारायचा, तुमच्या लोकांत काय रीत आहे? कसली डोंबलाची रीत — दुखलं की ओरडायचं! पण मी पडलो वात्रट. सांगायचो, आमच्यात खोकला झाला की सासूला डोंगर चढायला लावतात. मान हलवायचा बिचारा! मग बायकोचं पोट दुखायला लागलं. त्यानं मला बाहेर बाकड्यावर बसवलं, आजाराचं नाव सांगितलं, म्हणाला, चला, आता तिला सांगू. मी म्हटलं, थांबा साहेब — आमच्यात आजाऱ्याला नाव सांगत नाहीत, वाडवडिलांपासूनची रीत आहे. कसले वाडवडील! त्या बाकड्यावरच जन्मली ती रीत. शुद्ध थाप. पण बायको शेवटपर्यंत हसत होती ना — गॅस झालाय म्हणायची, तुमच्या हातचं खाऊन! पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन थाप. बिनदिक्कत.

पण तू मला सांग. त्या डॉक्टरनं माझी ती रीत सगळ्यांना शिकवून ठेवली, तुम्हालाही तेच शिकवलंय, आणि आमची इथं वाढलेली पोरं — तीसुद्धा खरी मानून पाळतात! माझाच पोरगा, काल तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर नेला, आत आला तो डोळे लाल, आणि मला म्हणतो, बाबा, गॅस झालाय तुम्हाला. मला! अरे गाढवा, म्हटलं, ती रीत मीच काढलीये — तर म्हणतो, बाबा, आता तरी थट्टा नको. घ्या! जन्मात एकदा खरं बोललो तर ही गत.

तुला शेवट ठाऊक आहे, म्हणून पैज लावत नाहीस. बोल की. मी काही रडणार नाही — पोराशी नीट बोलून घ्यायचंय, बस. बायकोला कुठं बोलता आलं? तिला वाटलं, उद्या घरी जायचंय...

बरं, राहू दे. नको सांगूस. मान खाली घालून सुया काय गोळा करतेस, कळलं मला. ही टोपी उचल आणि जा — जिंकलीस तू. तिनंच विणलेली आहे. ती गेली त्या दिवशी मी जरा घरी निघालो, तर मागून म्हणाली — अहो, दूध बघा, उतू जाईल. एवढ्या संसाराचा निरोप तिनं त्या दुधावर घेतला.